चाळणीतून निसटलेले

अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे जगातील सर्वांत बलाढ्य मनुष्य, असे आपल्याकडील वृत्तपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. परराष्ट्र व्यवहार आणि सैन्य यांपुरते ते खरेही असेल. परंतु हाच मनुष्य स्वदेशातील वृद्धांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून कायदा करू पाहतो, तेव्हा त्याला स्वपक्षीय समिती-अध्यक्षांच्या दारात तिष्ठत उभे राहावे लागते. आपल्या संसदीय पद्धतीत सभागृहातील बहुमतावरच सरकार उभे असते. त्यामुळे ही अगतिकता आपल्याला सहजी उमगत नाही.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण आम्हांला म्हणूनच अस्वस्थ करते. १९३४ च्या निवडणुकीनंतर ९६ जणांच्या सिनेटमध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे ६९ सदस्य होते. मग अडचण कसली? अडचण घरातच होती. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून जवळजवळ दूरच ठेवलेले. तेथून तेच ते डेमोक्रॅट पुनःपुन्हा निवडून येत आणि ज्येष्ठतेच्या बळावर समित्या ताब्यात घेत. सामाजिक सुरक्षा विधेयक ज्या दोन समित्यांपुढून जायचे होते, त्यांपैकी सिनेटच्या अर्थसमितीवर मिसिसिपीचे पॅट हॅरिसन, तर प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीवर नॉर्थ कॅरोलायनाचे रॉबर्ट डाऊटन अध्यक्ष होते.

आरोग्यविम्याची कल्पना डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे आधीच बाजूस पडली होती. पुढे शेतमजूर आणि घरकामगार हे दोन वर्ग वृद्धापकाळाच्या योजनेतून वगळले गेले. मूळ मसुद्यात ते होते. त्यांच्याकडून वर्गणी गोळा करणे दुष्कर आहे, हे कारण अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी समितीपुढे मांडले. हे कारण निव्वळ बहाणा होते असे आम्ही म्हणणार नाही. अभ्यासकांत त्यावर आजही वाद आहे. पण दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके याच दोन कामांत होते, आणि स्वस्त मजुरांना सरकारी आधार मिळू नये अशी तेथील जमीनदारांची इच्छा होती, हेही कोणी नाकारत नाही. कृष्णवर्णीयांच्या संघटनेतर्फे चार्ल्स ह्यूस्टन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना या विधेयकाला चाळणीची उपमा दिली होती: भोके अशी, की त्यांतून आपले बहुसंख्य लोक नेमके खाली पडावेत. साहित्याच्या अध्यापकांनाही हेवा वाटावा अशी ही उपमा!

याच काळात जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धचे विधेयक सिनेटपुढे होते. डिसेंबर १९३३ मध्ये रूझवेल्टांनी नभोवाणीवरून अशा हत्यांचा कठोर शब्दांत निषेध केला होता. विधेयकामागे मात्र ते उभे राहिले नाहीत. त्याच संघटनेचे वॉल्टर व्हाइट भेटीस गेले, तेव्हा त्यांचे उत्तर सरळ होते: मी यात उतरलो, तर दक्षिणेची मंडळी माझे प्रत्येक विधेयक अडवतील. हिशेब चुकीचा नव्हता. १९३५ च्या वसंतात दक्षिणेच्या सिनेटरांनी भाषणांची लांबण लावून ते विधेयक मारले, आणि सामाजिक सुरक्षा विधेयक जूनमध्ये ७७ विरुद्ध ६ मतांनी संमत झाले.

रूझवेल्टांनी तडजोड केली, हा आमचा आक्षेप नाही. तडजोडीवाचून कायदा होत नाही. २०१० साली ओबामांचा आरोग्यकायदा झाला तोही सिनेटमधील साठावे मत राखण्यासाठी सरकारी विम्याचा पर्याय सोडूनच. आमचा आक्षेप आहे तो 'काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे' या युक्तिवादाला. 'थोडे' कोणाला आणि 'काहीच नाही' कोणाला, हे तो सांगत नाही. तडजोडीची किंमत बहुधा त्या दालनात नसलेल्या माणसाच्या नावे मांडली जाते. मते अध्यक्षाच्या हाती नसतात, वाणी असते. १४ ऑगस्ट १९३५ रोजी स्वाक्षरी करताना रूझवेल्टांनी ही इमारत अपुरी असल्याचे मान्य केले. बाहेर कोण राहिले, हे मात्र उच्चारले नाही. तेवढे तरी म्हणायला कोणत्या समितीची परवानगी लागत होती?

नियमित कामावरील शेतमजूर आणि घरकामगार १९५० च्या दुरुस्तीने आत आले, आणखी बरेच जण १९५४ च्या. १९३५ साली पन्नाशीला पोचलेली मिसिसिपीतील एखादी मोलकरीण तोवर पासष्टीची झाली होती.