वीस टक्के, पण कशाचे?

दूरचित्रवाणीवरील गायन-नृत्य स्पर्धांविषयी आपल्या घरांत तक्रार ऐकू येते ती अभिरुचीची: भपका फार, परीक्षकांचे अश्रू फार, सूर कमी. ही तक्रार आम्हांस गौण वाटते. प्रश्न मोबदल्याचा आहे. आठवडेच्या आठवडे चित्रीकरणाला उभे राहणारे मूल काम करीत असते आणि त्या कामावर वाहिनी जाहिराती मिळविते. त्याला ‘स्पर्धक’ म्हटले की मात्र वेतनाचा विषयच संपतो. काम करणाऱ्याला दाम मागता येतो. स्पर्धकाने बक्षिसाची वाट पाहायची, आणि बक्षीस एकालाच.

बडोद्याच्या जुन्या मंडळींना हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. सयाजीराव महाराजांच्या कलावंत कारखान्यात गायक-वादक दरमहा पगारावर असत. फैयाज खाँसाहेबांसारखा गवई या दरबारचा नोकर होता. तिथे जाच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. हुकूम सुटला की गावे लागे, नियमही कडक होते. परंतु गाणे हे काम आहे, एवढे दरबारच्या कारकुनालाही ठाऊक होते.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांहून अधिक राबवू नये, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम देऊ नये, जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि उत्पन्नाची किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी. वाचून बरे वाटते. पण वीस टक्के कशाचे? जिथे वेतनच ठरलेले नाही, तिथे शून्याचे वीस टक्के शून्यच. शिवाय हे संरक्षण चौदा वर्षांखालील मुलांपुरते. २००८ मध्ये एका बंगाली नृत्यस्पर्धेत परीक्षकांच्या कठोर शेऱ्यांनंतर कोलकात्यातील एका मुलीची वाचा गेल्याचे तिच्या घरच्यांनी सांगितले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आजचे नियमही तिच्या उपयोगी पडले नसते.

आणि तारीफ? तीही मागणीनुसार. २०२१ मध्ये किशोरकुमारांच्या स्मरणार्थ झालेल्या ‘इंडियन आयडॉल’च्या भागानंतर अमितकुमार यांनी सांगून टाकले की, सर्वांची स्तुती करा, असे त्यांना आधीच सांगण्यात आले होते. म्हणजे दाम नाही आणि गुरूच्या तोंडचा खरा शब्दही नाही!

हे चालते ते आमच्या अभिमानावर. २००७ मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत दार्जिलिंग आणि शिलाँगचे तरुण समोरासमोर आले, तेव्हा डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढून मतांचे संदेश पाठविले. आम्ही तरी कुठे वेगळे? आमच्या मंडळानेही एके वर्षी कोजागरीला दूध आटेपर्यंत मोबाइल हातोहात फिरविले, कारण मुलगी आपली, मराठी होती. तिच्या वडिलांकडे कराराची प्रत आहे का, पुढची किती वर्षे तिने बांधून दिली, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. ती आठव्या फेरीत बाद होऊन परतली. दहावीचे वर्ष गेले होते. आम्ही शाल-श्रीफळ दिले आणि छायाचित्र काढले.

‘ती मंडळी स्वखुशीने जातात,’ हे उत्तर आम्हांस नेहमी मिळते. गिरणीतही कुणी बांधून नेत नसे. तरी तिथे हजेरीपट होता, पगाराचा दिवस होता. स्वखुशी हा वेतन न देण्याचा आधार कधीपासून झाला?

यंदाच्या वर्धापनदिनी सत्कारासाठी अशाच एका बालस्पर्धकाचे नाव सुचविले गेले आहे. सत्काराला आमचा विरोध नाही. मात्र त्याआधी पालकांना पत्र लिहून चार गोष्टी विचाराव्यात: दररोज किती तास काम झाले, दर भागाला काय मिळाले, मुदत ठेवीची पावती आली का, आणि कराराची प्रत आपल्या सभासद वकिलांना दाखविता येईल का. हा ठराव आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. अनुमोदक हवा आहे.