झोपेची गोळी मैत्रिणीकडे मागू नये

मधुमेह, रक्तदाब यांविषयी मंडळाच्या कार्यक्रमांत आपण मोकळेपणाने बोलतो. "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही" हे मात्र एखाद्या मैत्रिणीच्या कानातच सांगितले जाते, आणि पुढच्या भेटीत तिच्या पर्समधून भारतातून आणलेली अर्धी स्ट्रिप निघते. हेतू चांगला असतो, तरीही ही देवघेव थांबावी असे आम्हांला वाटते.

झोपेच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूचे काम मंद करतात आणि त्यांची सवय लागते. बरेच दिवस घेऊन त्या एकदम बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते.

नव्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी आहे. मेंदूतील ओरेक्सिन हे द्रव्य आपल्याला जागे ठेवते. त्याचा शोध १९९८ साली लागला. त्याचा 'जागा राहा' हा निरोप अडवणारे पहिले औषध, सुव्होरेक्सन्ट, अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. त्याच जातीच्या डॅरिडोरेक्सन्टला इथे ब्रिटनमध्ये २०२२ साली परवानगी मिळाली, आणि २०२३ साली 'नाइस'ने एन.एच.एस.साठी त्याची शिफारस केली.

पण अटी घालून. आठवड्यातून किमान तीन रात्री, निदान तीन महिने त्रास हवा. दिवसाच्या कामावर त्याचा बराच परिणाम होत असला पाहिजे. निद्रानाशावरची सी.बी.टी. ही उपचारपद्धती आधी करून पाहावी. ती मिळत नसेल किंवा मानवत नसेल तरच थेट गोळी. तीन महिन्यांच्या आत फेरतपासणी.

या अटी आम्हांला योग्य वाटतात. गोळी जागेपणा अडवते, जागरणाचे कारण पुसत नाही. तिकडे आईवडील एकटे, त्यांची सकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, म्हणून फोन उशाशी घेऊन निजणारे आपल्यात थोडे नाहीत. ती काळजी बोलूनच हलकी होते.

शिवाय ही नवी गोळीही वाटून घेण्याची नव्हे. दुसऱ्या दिवशी गुंगी राहू शकते, तेव्हा गाडी चालवणाऱ्यांनी जपावे. बरोबर मद्य नको. काही अँटिबायोटिक व बुरशीवरच्या औषधांबरोबर ती चालत नाही. हे सारे डॉक्टर विचारतील, मैत्रीण विचारणार नाही.

जुन्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी हे वाचून त्या एकदम सोडू नयेत. स्ट्रिप घेऊन जी.पी.कडे जावे. इंग्रजीची अडचण असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. मागायला संकोच करू नये.