घाटातला पूल म्हणे इंग्रजांचा!

मंडळी, परवा रविवारी नातवंडांना घेऊन पाताळपाणीला गेले होते. तिथून कालाकुंडपर्यंत रुळांवरून चालत जायची आता टूमच निघाली आहे. पुलावर एक मुलगा मोबाईलसमोर सांगत होता, "ये अंग्रेजों का बनाया ब्रिज है, भिया." ऐकून डोकंच फिरलं. त्याला काय बोलणार? आपल्याच घरी तरी कुठे वेगळं सांगतात!

अहो, हा रेल्वेमार्ग होळकरांच्या पैशाने झाला. 1870 मध्ये तुकोजीराव दुसरे यांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं! वर जमीन फुकट. तेव्हाचे एक कोटी, बरं का. म्हणून नावही होळकर स्टेट रेल्वे. इंजिनिअर त्यांचे असतील, पण तिजोरी इंदूरची होती, आणि तिजोरीत पैसा माळव्यातल्या रयतेचा. घाट फोडणाऱ्या मजुरांची तर नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत.

आमच्या लहानपणी मीनाक्षी एक्सप्रेसने अकोल्याला मावशीकडे जायचो. घाटात गाडीला जास्तीचं इंजिन लागायचं. पाताळपाणीला गाडी थांबली की आजी हात जोडायची, टंट्या मामांना. रेल्वेवाले म्हणत, ब्रेक तपासायला थांबते. असेल. पण 1889 साली इंग्रजांनी फाशी दिलेल्या त्या भिल्ल वीराला सलामी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हेच सगळा डबा मानायचा. कालाकुंडला पानात बांधलेला कलाकंद घेतला नाही, असा प्रवास आठवत नाही.

2023 च्या सुरुवातीला महूच्या पुढची मीटर गेज बंद झाली. ब्रॉड गेजला हा चढ झेपत नाही म्हणून ती लांबून वळसा घेणार. ठीक आहे, त्याला माझा विरोध नाही. खंडव्याला थेट मोठी गाडी हवीच. पण काही शहाणे म्हणतात, आता या जुन्या पुलांचं काय करायचं, भंगारात काढा. आणि दुसरे शहाणे रील काढायला पुलाच्या काठावर लोंबकळतात. घाटात 2018 पासून हेरिटेज गाडी धावते, बोगद्यात समोरून गाडी आली तर पळणार कुठे? 2011 साली इथल्याच धबधब्यात माणसं वाहून गेली, तेही विसरलो आपण.

चालायचंच असेल तर नीट वाट करा ना. कालाकुंडच्या पुढे गाडीच येत नाही, तिथले रूळ उचलण्याआधी पूल राखून ठेवा, कठडे लावा. घाटात रुळांपासून वेगळी पायवाट काढा. आणि दोन्हीकडे पाट्या लावा, हिंदीत आणि मराठीतही: पैसा कुणाचा, घाम कुणाचा, टंट्या मामा कोण.

यासाठी रेल्वेला पत्र लिहायचं म्हटलं, तर आमच्या मंडळात सगळे गणपतीच्या वर्गणीकडे वळले. इंदुरात सात-सात पिढ्या काढलेली घरं आहेत आपली. होळकरांचं नाव निघालं की छाती फुगते, सही करायची म्हटलं की चष्मा सापडत नाही. पत्र मी लिहून ठेवलंय. येत्या रविवारी रामबागेत घेऊन बसणार आहे. चष्मा घेऊन या.