सुगंधी तेलाचा ‘सेंद्रिय’ दाखला : किती खरा मानावा ?

गेल्या कांहीं वर्षांत श्रीरामपूरकडील बागाइतदारांच्या बोलण्यांत ऊस व कांदा यांच्या जोडीला जिरॅनियम, गवती चहा, रोशा गवत हीं नांवें ऐकूं येऊं लागलीं आहेत. प्रवरेच्या कालव्यावर पिढ्यान्‌पिढ्या उसाला पाणी देऊन कित्येक जमिनी चोपण व खारवट झाल्या. कांद्याचा भाव तर आज आहे आणि उद्यां नाहीं. अशा स्थितींत शेतकऱ्यानें नवें पीक शोधावें, हें योग्यच होय. परंतु या सुगंधी पिकांबरोबर एक नवा कागदही दारीं आला आहे. तेल खरेदी करणारे व्यापारी सांगतात कीं, साध्या तेलाला एक भाव आणि ‘सेंद्रिय’ असा दाखला असलेल्या तेलाला त्याहून चढा भाव. हा दाखला मिळविण्यास जमीन दोन-तीन वर्षें नियमांखालीं ठेवावी लागते, दरसाल फी भरावी लागते, आणि रासायनिक खत बंद केल्यावर आरंभीं पीक घटलें तर तें सोसावें लागतें. म्हणून हा दाखला कितपत विश्वासार्ह आहे, अशी पृच्छा सभासदांकडून वारंवार होते. तिचा विचार येथें करूं.

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. तेल शुद्ध आहे काय, हा एक प्रश्न. तें ज्या पाल्यापासून निघालें तो पाला सेंद्रिय रीतीनें पिकविला होता काय, हा दुसरा. बाजारांत हे दोन्ही प्रश्न एकाच चिठ्ठीखालीं झांकले जातात, आणि तेथेंच घोटाळ्यास आरंभ होतो.

पहिला प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पश्चिम खानदेशांत, नंदुरबार-तळोद्याकडील डोंगराळ मुलखांत, रोशा गवताचें तेल काढण्याचा धंदा चालत असे. हें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या मार्गें कॉन्स्टँटिनोपलला जाई. त्याचा वास गुलाबाशीं मिळताजुळता. म्हणून तिकडे गुलाबाच्या अत्तरांत भेसळ करण्यास तें वापरीत. युरोपच्या पेठेंत त्यास ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असें म्हणत. वस्तुतः तें तुर्कस्थानचेंही नव्हतें आणि जिरॅनियमचेंही नव्हतें. आणखी नवल असें कीं, जें तेल गुलाबांत भेसळ म्हणून जात होतें, तें स्वतःही निर्भेळ राहिलें नाहीं. त्यांतही टर्पेंटाइन, घासलेट, खोबरेल मिसळणारे निघाले. जेथें वस्तु थोडी आणि किंमत मोठी तेथें मिसळणारा हात पोंचल्याशिवाय राहत नाहीं, हा या धंद्याचा जुना अनुभव आहे.

सुदैवानें शुद्धतेच्या प्रश्नाला आज चांगलें उत्तर आहे. शेतमालाची प्रतवारी ठरविण्याचा कायदा १९३७ सालीं झाला आणि त्याखालीं ॲगमार्कची खूण आली. पुढें सुगंधी तेलांच्या प्रतीही ठरविण्यांत आल्या. आतां गॅस क्रोमॅटोग्राफी नामक यंत्रपरीक्षेनें तेलांतील घटक एकेक वेगळे काढून दाखवितां येतात. खनिज तेलापासून कारखान्यांत बनविलेलें जिरॅनिऑल गवताच्या तेलांत मिसळलें असल्यास कार्बनच्या परीक्षेनें तेंही उघडकीस येतें. लखनौची सीमॅप ही संस्था व कनोज येथील सुगंध-विकास केंद्र यांचें या विषयांतील काम प्रसिद्धच आहे. सारांश, तेल शुद्ध आहे कीं नाहीं, हें बाटली सांगूं शकते.

परंतु दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बाटली देऊं शकत नाहीं. शेतांत युरिया घातला असला तरी तेलांत त्याची खूण राहत नाहीं. कीटकनाशकांचे कांहीं अंश वाफेबरोबर तेलांत उतरतात व ते तपासून सांपडतात, हें खरें. पण ते सांपडले नाहींत एवढ्यावरून शेत सेंद्रिय होतें, असें सिद्ध होत नाहीं. उलट, आपण एक थेंबही न फवारतां शेजाऱ्याच्या कांद्यावरील फवारा वाऱ्यानें आपल्या पाल्यावर आला, तर प्रामाणिक शेतकऱ्याचें तेल दोषी ठरूं शकतें. ‘सेंद्रिय’ हा गुण तेलांत नसून तें पिकविण्याच्या रीतींत आहे. आणि रीत ही यंत्रानें मोजण्याची वस्तु नव्हे. ती कोणी तरी पाहावी लागते आणि पाहिलेलें प्रामाणिकपणें लिहावें लागतें. म्हणून हा दाखला म्हणजे वस्तूची परीक्षा नसून एक साक्ष आहे. साक्षीची किंमत साक्षीदारावर असते.

येथें आमच्या आयुष्यभराच्या धंद्यांतील एक गोष्ट उपयोगीं पडेल. महसूल खात्याच्या दफ्तरांत आम्हीं जन्म घालविला, आणि गांव नमुना बारावर असंख्य पिकें लिहिलेलीं पाहिलीं. पीकपाहणी बांधावर जाऊन करावी, असा नियम पूर्वींपासूनच होता. तथापि कांहीं नोंदी बांधावरच्या असत आणि कांहीं चावडींत बसून गतसालच्या पानावरून उतरलेल्या असत, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. दोन्ही नोंदींचें अक्षर सारखेंच वळणदार, शिक्काही तोच. एकीवर कर्ज मिळे, दुसरीवरही मिळे. फरक एवढाच कीं, एकीमागें कोणी चाललेलें असे आणि दुसरीमागें कोणी चाललेलें नसे. १५ ऑगस्ट १९४७ पासून बरोबर ७४ वर्षांनीं, १५ ऑगस्ट २०२१ रोजीं, राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्यानें स्वतःच शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें असें ठरलें, त्याचें मर्म हेंच होय. सेंद्रिय दाखल्यालाही हीच कसोटी लावावी: या कागदामागें कोण चाललें, कितीदां चाललें आणि त्याचें वेतन कोण देतो ?

आतां व्यवस्था कशी आहे तें पाहूं. निर्यातीसाठीं आपल्या देशांत २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम अमलांत आहे. त्याची व्यवस्था अपेडा पाहते. प्रमाणन करणाऱ्या संस्था वेगळ्या असून त्यांना सरकारी मान्यता लागते. हंगामी पिकांस पेरणीपूर्वीं दोन वर्षें व बहुवार्षिक पिकांस पहिल्या कापणीपूर्वीं तीन वर्षें रूपांतराचा काळ, असा सामान्य नियम आहे. लहान शेतकऱ्यांचा गट केल्यास गटाचे स्वतःचे निरीक्षक प्रत्येक शेत पाहतात, आणि बाहेरील संस्थेचा निरीक्षक त्यांतील निवडक शेतेंच पाहतो. याशिवाय एक भेद पुष्कळांस ठाऊक नसतो. भिंतीवर चौकटींत लावलेला दाखला हा केवळ व्याप्तीचा दाखला, ज्यास स्कोप सर्टिफिकेट म्हणतात. त्यांत अमुक शेत, अमुक पीक एवढेंच लिहिलेलें असतें. विकलेल्या प्रत्येक मालाचा स्वतंत्र व्यवहार-दाखला ट्रेसनेट या सरकारी संगणक-नोंदींतून निघावा लागतो. जो व्यापारी चौकटींतला कागद दाखवितो आणि व्यवहार-दाखला मागितल्यावर विषय बदलतो, त्याच्यापासून दूर राहावें.

या व्यवस्थेस तडे गेलेले जगानें पाहिले आहेत. २०२० सालीं ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड या संस्थेनें जाहीर केलें कीं, भारतांतील सुमारें २०,००० टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. त्यासाठीं ट्रेसनेटच्या पानाची हुबेहूब नक्कलही करण्यांत आली होती. जानेवारी २०२१ मध्यें अमेरिकेनें आपल्या प्रमाणन-व्यवस्थेची मान्यता संपविली. त्याच वर्षाच्या अखेरीस, तिळांत इथिलीन ऑक्साइड सांपडल्याच्या प्रकरणानंतर, युरोपीय संघानें भारतांतील पांच प्रमाणन-संस्था आपल्या यादींतून वगळल्या. हीं उदाहरणें कापूस व तीळ यांचीं आहेत, तेलांचीं नव्हत. परंतु निरीक्षक, गट व कागद यांची घडण तीच. त्यांत ज्यांनीं लबाडी केली त्यांच्याबरोबर, ज्यांनीं तीन-तीन वर्षें प्रामाणिकपणें जमीन राखली त्यांचाही माल अडला असणार, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. जानेवारी २०२५ मध्यें या कार्यक्रमाची आठवी आवृत्ति प्रसिद्ध झाली व तींत शेतकरी-गटांस कायदेशीर स्वरूप देण्याची तरतूद आहे. सुधारणा स्तुत्य आहे; पण नियम छापून झाले म्हणजे बांधावर कोणी चालूं लागतोच, असें नाहीं.

देशांतल्या पेठेची गोष्ट याहूनही सैल आहे. २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम व ‘जैविक भारत’ ही खूण अन्नापुरती आहेत. अंगाला चोळण्याच्या किंवा खोलीत वास दरवळविण्याच्या तेलावर कोणी ‘सेंद्रिय’ असें छापलें, तर तें या नियमांच्या कक्षेंत येत नाहीं. बाटल्यांवर ‘औषधी दर्जा’ असेंही लिहिलेलें आढळतें. तो दर्जा विक्रेत्यांनीं स्वतःच काढलेला आहे, कोणत्याही सरकारनें ठरविलेला नाहीं.

मग कोणी म्हणतील, हा सगळा कागदाचा बाजार आहे. त्याच्या नादीं न लागणें बरें. हें आम्हांस मान्य नाहीं. चावडींतल्या कांहीं नोंदी खोट्या निघाल्या म्हणून सातबारा कोणी जाळला नाहीं. दाखल्याशिवाय प्रामाणिक व लबाड यांचा माल एकाच भावानें जातो, आणि तेथें नुकसान प्रामाणिकाचेंच होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, साक्ष बाहेरच्या निरीक्षकाची असली तरी तिचा पुरावा आपल्याच हातीं असावा.

या पुराव्यांत सर्वांत बळकट वस्तु म्हणजे साधा हिशेब. एक टन ओल्या जिरॅनियमच्या पाल्यापासून सुमारें एक किलो तेल निघतें. गवती चहाच्या एक टनापासून पांच ते सात किलो. समजा, एका शेतांतून एका कापणीस आठ टन जिरॅनियमचा पाला भट्टीवर आला. तर तेल आठ-दहा किलोच्या आसपास असावें. कागदावर वीस किलो दिसलें तर वरचें दहा किलो कोठून आलें ? क्षेत्र, पाल्याचें वजन, भट्टींतून निघालेलें तेल व विकलेलें तेल हे चार आंकडे एका ओळींत मांडले म्हणजे शिक्का कितीही सुबक असला तरी खोटें लपत नाहीं. जमाबंदीच्या हिशेबांत हीच रीत वापरीत आणि तिनें भल्याभल्यांच्या चुका पकडल्या आहेत.

यास्तव आमच्या संस्थेनें दाखल्यासाठीं फी भरण्यापूर्वीं पुढील व्यवस्था करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. भट्टी संस्थेची किंवा संस्थेच्या देखरेखीखालीं असावी, आणि प्रत्येक घाणीची नोंद, म्हणजे कोणाचा पाला, किती वजन, किती तेल, ही त्याच दिवशीं शेतकऱ्याच्या सहीनें व्हावी. प्रत्येक विक्रीच्या तेलाचा एक लहान नमुना मोहोर करून संस्थेंत दोन वर्षें ठेवावा. पुढें तक्रार आली तर दोष शेतांत झाला कीं व्यापाऱ्याच्या गुदामांत, हें ठरविण्यास तोच उपयोगीं पडेल. ज्याच्या शेजारीं ऊस किंवा कांदा आहे त्यानें बांधालगत मोकळी पट्टी सोडावी, आणि शेजाऱ्यास फवारणीचा वार आधीं कळविण्याची विनंती करावी. गटाच्या आंतील पाहणी एकाच आळीच्या लोकांनीं एकमेकांची करूं नये. टाकळीभानकरांनीं बेलापूरकरांची व बेलापूरकरांनीं टाकळीभानकरांची करावी, म्हणजे भीड कमी पडते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दाखला खरेदीदाराच्या नांवें काढूं देऊं नये. फी त्यानें भरली तर दाखला त्याचा, आणि मग तेल दुसऱ्यास विकण्याची आपली मोकळीक संपली.

ज्यांस निर्यात करावयाची नाहीं त्यांच्यासाठीं पी.जी.एस.-इंडिया ही दुसरी वाट आहे. तींत निदान पांच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची हमी घेतो. खर्च थोडा, परंतु परदेशच्या पेठेंत हा दाखला चालत नाहीं. आमच्या मतें नव्या गटानें आरंभ येथून करावा. दोन-तीन हंगाम परस्परांचे बांध पाहण्याची संवय झाली आणि हिशेबाच्या वह्या जुळूं लागल्या, म्हणजे मोठ्या दाखल्याचा खर्च करण्यास हरकत नाहीं. त्याआधीं केलेला खर्च हा केवळ चौकटीचा खर्च होय.

एका सभासदानें रात्रींतून एक गोणी युरिया टाकला तर त्याचें पीक चार दिवस हिरवेंगार दिसेल. पण उघडकीस आल्यावर गटांतील सगळ्यांचा दाखला जाईल. म्हणून या बाबतींत शेजाऱ्याची चौकशी करणें हा चोंबडेपणा नव्हे, तो स्वतःच्या मालाचा बंदोबस्त आहे. ज्यांस अशी चौकशी सोसवत नसेल त्यांनीं गटांत येऊं नये. त्यांनीं शुद्ध तेल काढावें, शुद्धतेच्या परीक्षेचा कागद जोडावा आणि त्याच भावानें विकावें. त्यांतही अब्रू आहे.

वार्षिक सभेपुढें हा विषय येईल तेव्हां सभासदांनीं दाखल्याची फी किती, एवढेंच विचारून थांबूं नये. बांध कोण फिरणार आणि भट्टीची वही कोण लिहिणार, हीं दोन नांवें आधीं ठरवून घ्यावींत. तीं ठरलीं नाहींत तर या वर्षीं फीचा ठराव पुढें ढकलावा, अशी आमची सर्वांस आग्रहाची सूचना आहे.