दारातली फट बुजवणाऱ्यांनो, जरा थांबा!

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत रंगारी आणि सुतार यांचं राज्य सुरू होतं. भिंतींना रंग, खिडक्यांना तेलपाणी, दाराला पॉलिश. हल्ली या यादीत एक नवं काम घुसलं आहे. ‘ते दारातलं भोक तेवढं बुजवून टाक रे!’ भोक म्हणजे काय, तर पत्र टाकण्यासाठी दारात कोरलेली आडवी फट. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, वर पितळेचं झाकण आणि झाकणावर इंग्रजीत कोरलेलं ‘लेटर्स’. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथल्या जुन्या फ्लॅटांच्या दारांवर ती अजून दिसते. सुतार प्लायवूडचा तुकडा ठोकतो, लांबी भरतो, वरून रंगाचा हात मारतो. अर्ध्या तासात दार गुळगुळीत आणि घरमालक खूश!

माझा या गुळगुळीतपणाला विरोध आहे. फट बुजवू नका असं मी म्हणत नाही. पत्राला दुसरी जागा दिल्याशिवाय ती बुजवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ते म्हणणं पितळेच्या झाकणाच्या प्रेमापोटी नाही.

आधी ही फट दारात आली कशी ते पाहू. इंग्लंडात १८४० पूर्वी टपालाचा खर्च बहुतेक वेळा पत्र घेणारा देत असे. त्यामुळे पोस्टमनला दार ठोठावून, कोणी येईपर्यंत थांबून पैसे वसूल करावे लागत. १८४० साली रोलंड हिल यांच्या सुधारणेने एका पेनीचं तिकीट आलं, पैसे आधीच भरले जाऊ लागले आणि पोस्टमनला दारात ताटकळण्याचं कारण उरलं नाही. तेव्हा दारात एक चीर पाडा, आम्ही पत्र आत सरकवून पुढे जातो, असा आग्रह तिथल्या टपाल खात्याने धरला. तिकीट आणि फट ही जुळी भावंडं आहेत, ती अशी. हिंदुस्थानभर चालणारी तिकिटं १८५४ साली आली, आपल्या पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात १८७१ साली. आपल्या जुन्या घरांना मात्र अशा फटीची गरज कधी पडली नाही. दार दिवसभर सताड उघडं असायचं, सोप्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. पत्र माणसाच्या हातात पडायचं. सोपा गेला, फ्लॅट आला, दार बंद झालं. तेव्हा सोप्यावरच्या माणसाचं काम या फटीने अंगावर घेतलं. आता तीही बुजवली तर ते काम कोण करणार?

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे. ‘आता पत्रं येतातच कुठे? सगळं मोबाईलवर येतं!’

प्रेमपत्रं येत नाहीत, मान्य. मुंबईहून मामाचं आंतर्देशीय येत नाही, तेही मान्य. पण आधारचं पत्र कशाने येतं? साध्या टपालाने. वर्गणी भरलेला मराठी मासिकाचा अंक कशाने येतो? सवलतीच्या दराच्या टपालाने, कोणाचीही सही न घेता. पुण्या-मुंबईहून निघालेला अंक गोव्यातल्या वाचकाच्या हाती पडतो तो याच वाटेने. मराठी नियतकालिकांचे वर्गणीदार आटत चालले म्हणून आपण सभांमधून गळे काढतो आणि घरी येऊन अंक आत यायची वाट प्लायवूडने बंद करतो. मग अंक जाळीच्या सेफ्टी डोअरमध्ये खोचलेला राहतो, वाऱ्याने जिन्यात उडतो, पावसात लगदा होतो. ‘अंक मिळाला नाही’ म्हणून संपादकाला फोन मात्र आपण तावातावाने करतो!

या पिनकोडच्या जमान्यात पत्र चुकतंच कसं, असंही विचारलं जातं. पिनकोडची योजना आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आपण चारच्या विभागात आलो, आणि चारशे तीन ही गोव्याची खूण झाली. पण पिनकोड पत्राला पोस्टापर्यंत नेतो. पुढची वाट पोस्टमनची. आणि शेवटची वीतभर वाट आपली, आपल्या दारातली. ती आपणच अडवली तर वेलणकर काय करणार आणि पोस्टमन तरी काय करणार?

आता जरा गंभीर गोष्ट. कायद्याची.

२०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. नाव बदललं तरी सही घेऊन द्यायचं पत्र आहेच. कोणी म्हणेल, सहीचं पत्र फटीतून टाकतच नाहीत, मग फटीचा संबंध काय? संबंध आहे. पोस्टमन आला तेव्हा तुम्ही घरी नसाल तर तो सूचनेची चिठ्ठी ठेवतो आणि पत्र काही दिवस पोस्टात थांबतं. चिठ्ठी मिळाली तर जाऊन आणता येतं. न मिळाली तर ते शेरा मारून परत जातं. ती बोटभर चिठ्ठी ठेवायची कुठे? जाळीला अडकवून? पायपुसण्याखाली?

आणि पत्र परत गेलं म्हणजे आपण सुटलो, असं कोणी समजू नये. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७ सांगतं की योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, रजिस्टर्ड टपालाने पाठवलेली नोटीस उलट सिद्ध होईपर्यंत पोचली असंच धरायचं. दिवाणी समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला योग्य प्रयत्न करूनही कोणी सापडलं नाही तर तो समन्सची प्रत बाहेरच्या दारावर डकवून जाऊ शकतो. म्हणजे कायदा तुमच्या दाराला ओळखतो! तुम्ही कागद पाहिला नाही, ही सबब तिथे सहजासहजी चालत नाही.

गोव्यात तर हे दुप्पट लागू. कित्येक गावांत घरांना कुलूप आहे. घरचे कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी इंग्लंडात. त्या घरांमागे जमीन आहे, एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे, कुठे मुंडकाराचा दावा आहे. जमिनी हडपण्याची प्रकरणं इतकी वाढली की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. बनावट कागद करणारा चोर फट बघून येत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या घराच्या नावाने कागदोपत्री काही हालचाल चालली आहे, याचा पहिला सुगावा पुष्कळदा एखाद्या लिफाफ्यातूनच लागतो. तो लिफाफा पडायला जागा नसेल तर शेजाऱ्याने उचलायचा कुठून आणि तुम्हाला कळवायचं काय?

‘डेन्मार्क बघा! तिथल्या पोस्टाने पत्रं वाटणंच बंद केलं!’ असंही एखादा सुनावेल. केलं, २०२५ च्या अखेरीस. पण त्याच्या कितीतरी आधी, २०१४ पासून, त्या देशाने सरकारी पत्रांसाठी नागरिकांना डिजिटल टपालपेटी सक्तीची केली. नवी पेटी आधी, जुनी बंद नंतर. आपण नेमकं उलट करतो. आणि तिथेसुद्धा एक खाजगी कंपनी पत्रं वाटतेच आहे!

आता फट बुजवणाऱ्यांच्या बाजूनेही बोलतो, कारण त्यांच्या काही तक्रारी खऱ्या आहेत. पावसाळ्यात फटीतून पाणी मारतं. डास येतात. एसीचा गारवा जातो. फट कडीच्या जवळ असेल तर तार घालून कडी सरकवता येते, हे तर सगळ्यांत वाईट. यावर उपाय आहेत आणि ते प्लायवूडपेक्षा शहाणे आहेत. आतल्या बाजूने दुसरं झाकण किंवा दाट केसांची ब्रशपट्टी लावा. डास आणि वारा थांबतो, पत्र येतं. आतून लाकडी किंवा पत्र्याची पेटी बसवा. पत्र पेटीत पडतं आणि बाहेरून घातलेली तार किंवा हात कडीपर्यंत जात नाही.

तरीही बुजवायचीच असेल तर क्रम पाळा. आधी फाटकाला किंवा जिन्याखाली कुलपाची पेटी लावा. तिच्यावर नाव आणि फ्लॅट नंबर ठळक लिहा, देवनागरीत आणि रोमनमध्येही. पोस्टमनला स्वतः भेटून ती दाखवा. महिनाभर पत्रं तिच्यात नीट पडताहेत याची खात्री करा. मगच सुताराला बोलवा. तेही चवथीच्या आधी भर पावसात नको, कारण तेव्हा लाकूड फुगलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सुकं असताना बोलवा. पितळेची पट्टी स्क्रू काढून जपून ठेवा. त्याच जातीच्या लाकडाची पट्टी मापात कापून आतून स्क्रूने आवळा; सरस आणि खिळे नकोत. उद्या कोणाला फट पुन्हा उघडावीशी वाटली तर दार फोडावं लागू नये.

आणि हाउसिंग सोसायट्यांनो, तुम्हालाही एक शब्द. उंच इमारतीत तळमजल्यावर पत्रपेट्या असाव्यात, ही टपाल खात्याची मागणी जुनीच आहे. तुमच्या पेट्यांची दारं निखळलेली, कुलपं गेलेली, नावं तीन भाडेकरूंपूर्वीची, आत पिझ्झाची पत्रकं आणि पालीची अंडी! प्रवेशद्वाराला ग्रॅनाईट लावायला पैसे असतात, कॅमेऱ्याला असतात. पेटीच्या कडीकोयंड्याला मात्र पुढच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

दाराला तोरण आपण लावतो, उंबऱ्यावर रांगोळी काढतो, गणपतीची पट्टी चौकटीवर बसवतो. येणाऱ्याचं स्वागत व्हावं म्हणूनच ना? पत्रही येणारंच आहे. कोणीतरी पैसे भरून, आपला पत्ता नीट लिहून ते धाडलेलं असतं. त्याला आत घ्यायला वीतभर जागा लागते. ती दारात ठेवा, फाटकावर ठेवा, जिन्याखाली ठेवा. पण ठेवा.