मोजदाद

१९८७ साली २१ ऑक्टोबरला श्रीलंकेतल्या जाफन्यात दीपावली होती. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास भारतीय सैनिक तिथल्या सरकारी इस्पितळात शिरले. शहराच्या ताब्यासाठी तमिळ वाघ (एलटीटीई) या बंडखोर संघटनेशी दहा-अकरा दिवस लढाई चालली होती आणि तोफांच्या माऱ्यातून जीव वाचवायला पुष्कळ लोक इस्पितळात येऊन राहिले होते. एक्स-रे विभागात आणि आसपासच्या खोल्यांत गोळीबार झाला, हातबॉम्ब टाकले गेले. वाचले ते रात्रभर प्रेतांच्या आडोशाने निपचित पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बालरोगतज्ज्ञ काही परिचारिकांना घेऊन, हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत असे ओरडत बाहेर आले. त्यांनाही गोळी घातली गेली. साठ ते सत्तर माणसे मेली. त्यांत इस्पितळाचेच २१ कर्मचारी होते.

हे आपल्याला कळले ते जाफना विद्यापीठाच्या चार अध्यापकांनी लिहिलेल्या ‘द ब्रोकन पाल्मायरा’ या पुस्तकामुळे. त्यांतल्या रजनी थिराणगम शरीररचनाशास्त्र शिकवत. भारतीय सैन्याने काय केले ते त्यांनी लिहिले आणि तमिळ वाघांनी काय केले तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलने घरी जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी वाघांचेच होते, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे ठाम म्हणणे आहे. स्वतःच्या बाजूचीही गय न करता मेलेल्यांची मोजदाद ठेवायची किंमत किती असते, हे त्या बाईंनी दाखवून दिले.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हे कशाला, असे कुणी विचारील. अंकात कथा आहेत, कविता आहेत, व्यंगचित्रे आहेत; ती वाचकांनी फराळाबरोबर निवांत वाचावीत, आमच्या शुभेच्छा त्यासाठीच आहेत. पण ‘सैन्याचे हात मोकळे सोडा’ ही मागणी आता वाहिन्यांवर रोज रात्री आणि गावच्या पारावरही ऐकू येते. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी आपल्या सेनानींना एकत्र बोलावून लढाईच्या नियमांची मूर्खपणात गणना केली आणि जवानांचे हात सोडवण्याची भाषा केली. ही मागणी ऐकायला मर्दानी वाटते. ती मान्य केली म्हणजे काय होते, याचा पुरावा मात्र उपलब्ध आहे आणि तो वाचायला हवा.

परक्या देशात सैन्य जाते तेव्हा त्याच्याबरोबर नियमांचा एक कागद जातो. सैनिक त्याला रूल्स ऑफ एंगेजमेंट म्हणतात. गोळी कोणावर आणि केव्हा झाडायची, आधी इशारा द्यायचा की नाही, घरात कसे शिरायचे, विमान कोणी मागवायचे, परवानगी कोणाची, हे त्यात असते. युद्धाचा आंतरराष्ट्रीय कायदा जिथपर्यंत मुभा देतो, त्याच्या बरेच अलीकडे हा कागद सैनिकाला थांबवू शकतो.

अफगाणिस्तानात या कागदाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २२ ऑगस्ट २००८ रोजी हेरात प्रांतातल्या अझीझाबाद गावावर हवाई हल्ला झाला. पाच ते सात नागरिक मेले, असे अमेरिकेने आधी सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकांनी गावात जाऊन ९० आकडा काढला. मग अमेरिकेनेच पुन्हा चौकशी केली आणि ३३ मान्य केले. सात आणि नव्वद यांच्यातल्या अंतरात कुणाच्या तरी आया होत्या, पोरे होती. त्याच वर्षी नाटोच्या काबूलमधल्या मुख्यालयात नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवणारा वेगळा कक्ष सुरू झाला. पुढच्या वर्षी जुलैत जनरल स्टॅन्ली मॅकक्रिस्टल यांनी आदेश काढला: वस्तीतल्या घरांवर विमानातून बॉम्ब टाकणे जवळजवळ बंद. समोरचा निसटला तरी चालेल.

सैनिक संतापले. झाडीतून गोळ्या येत असताना विमान मिळत नाही, म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्याचा राग खोटा म्हणता येणार नाही. मित्र गमावलेल्या विशीतल्या पोराला नियम शिकवणे सोपे नाही. तरीही आकडे पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार २००९ मध्ये सरकारी आणि परकी फौजांच्या हातून ५९६ नागरिक मेले. २०१० मध्ये ४४०. याच काळात फौजा वाढल्या होत्या, लढाई पेटली होती आणि मेलेल्या नागरिकांची एकूण संख्या २,४१२ वरून २,७७७ वर गेली होती. तालिबानच्या हातून मरणारे वाढले, फौजांच्या हातून मरणारे घटले. कागदाने माणसे वाचवली.

पण नुसत्या कागदाने नाही. मॅकक्रिस्टल यांचा आदेश ताजा असतानाच, ४ सप्टेंबर २००९ च्या रात्री, कुंदूझजवळ तालिबानने पळवलेले तेलाचे दोन टँकर नदीच्या वाळूत रुतले. गावकरी तेल न्यायला जमले. जर्मन कर्नल गेऑर्ग क्लाइन यांनी अमेरिकी विमाने मागवली. आपले सैनिक शत्रूशी भिडलेले आहेत, असे सांगितले तरच विमाने मिळणार होती. तसे सांगण्यात आले. प्रत्यक्षात जागेवर एकही जर्मन सैनिक नव्हता. आधी खालून घिरट्या घालून लोकांना पांगवू का, असे वैमानिकांनी विचारले. नको, असे उत्तर गेले. दोन बॉम्ब पडले आणि शंभराच्या आसपास माणसे जळाली. जर्मनीत मात्र वादळ उठले, संसदेने चौकशी मांडली, लष्करप्रमुख गेले, तेव्हाचे संरक्षणमंत्री नव्या खात्यात बसले होते तेही गेले. क्लाइन यांच्यावर खटला झाला नाही, पुढे त्यांना बढतीही मिळाली. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. पण वैमानिकांचे ते बोलणे, तो खोटा निरोप, हे सगळे जगासमोर आले, कारण निवडून आलेल्या लोकांनी ते मागितले.

त्याच कुंदूझमध्ये ३ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या इस्पितळावर अमेरिकी विमानाने मारा केला. इस्पितळाचा नेमका ठावठिकाणा संस्थेने आधीच कळवलेला होता. ४२ माणसे मेली. १६ जणांवर खातेनिहाय कारवाई झाली, तुरुंगात कुणी गेले नाही. चौकशीचा हजारो पानांचा अहवाल, काळ्या पट्ट्या मारून का होईना, प्रसिद्ध करावा लागला.

आणि हात मोकळे सोडले तेव्हा? २०१७ मध्ये हवाई हल्ल्यांवरची बंधने सैल केली गेली. २०१९ मध्ये अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानवर ७,४२३ बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे टाकली. त्या वर्षी अमेरिकी आणि अफगाण विमानांच्या हल्ल्यांत मिळून ७०० नागरिक मेले. दोन वर्षांनी काबूल तालिबानच्या हाती गेले. हात मोकळे होते, तरी युद्ध हरलेच.

अमेरिकेबद्दल हे सगळे लिहिणे आपल्याला सोपे जाते. जाफन्याबद्दल लिहिणे जड जाते, आणि म्हणूनच ते लिहायला हवे.

२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपले सैन्य शांतिसेना म्हणून तिथे उतरले. लोकांनी हार घातले. ऑक्टोबरमध्ये त्याच सैन्याला तमिळ वाघांशी लढायला सांगण्यात आले. कमीत कमी बळ वापरायचे, अवजड शस्त्रे आवरायची, असा सुरुवातीचा हुकूम होता. जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदेत. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. शेवटचा जवान मार्च १९९० मध्ये परतला तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिक मेले होते. त्यांची नावे कोलंबोजवळच्या स्मारकावर कोरलेली आहेत. ती तिथे असायलाच हवीत.

इस्पितळात मेलेल्यांची यादी मात्र आपल्या बाजूला कुणीच केली नाही. वाघ इस्पितळातून गोळीबार करत होते, असे भारतीय बाजूचे म्हणणे आहे. त्या दिवशी वाघ शस्त्रांसह इस्पितळात शिरले होते आणि डॉक्टरांनी त्यांना बाहेर जायला सांगितले होते, हे जाफन्याच्या लेखकांनीही लपवलेले नाही. पण अशा वेळी काय करायचे हे चौथ्या जिनिव्हा कराराच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलेले आहे: इस्पितळाचा वापर शत्रूने केला तरी आधी इशारा द्यायचा, वाजवी मुदत द्यायची, मगच त्याचे संरक्षण संपते. भारताने हा करार मानला आणि १९६० मध्ये त्याचा कायदाही केला. त्या कायद्याखाली खटला भरायचा तर तक्रार सरकारनेच करावी लागते. सरकारने ती केली नाही. इशारा दिला होता का, हुकूम कोणाचा होता, वाघांच्या गोळ्या खरोखर आल्या का, याची उघड चौकशी आजतागायत झालेली नाही. शांतिसेनेच्या सेनानींनी आठवणी लिहिल्या, त्यांतल्या काही फार प्रामाणिक आहेत. पण आठवणी म्हणजे चौकशी नव्हे.

यात सैन्याचाही घात आहे. ज्या जवानाने त्या गोंधळात गोळी आवरून धरली, त्याचे नावही याच अंधारात राहिले. न मोजलेल्या मृत्यूंचा डाग सगळ्या वर्दीवर सरसकट पडतो.

आपल्याकडे २५ वर्षांहून जुने सरकारी दफ्तर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे देण्याचा नियम आहे. युद्धे आणि लष्करी मोहिमांची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी खुली करायची, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने स्वतःच जून २०२१ मध्ये जाहीर केले. जाफन्याच्या या मोहिमेची, ऑपरेशन पवनची, २५ वर्षे २०१२ सालीच भरली. दिवाळी आटोपली की संसदेचे हिवाळी अधिवेशन भरते. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत. त्यांतल्या एकाने तरी संरक्षणमंत्र्यांना लेखी विचारावे: २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ची जाफना इस्पितळाविषयीची पलटणींची रोजनिशी आणि वायरलेसचे निरोप कुठे आहेत, आणि ते अभिलेखागारात कोणत्या तारखेला ठेवणार? या प्रश्नाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. अंक बाजारात येईल त्याच दिवशी तो सर्व ४८ जणांना टपालाने पाठवत आहोत, आणि येतील ती उत्तरे, नकारांसह, पुढच्या अंकात छापू.