सांध्यातील ओल

आषाढ-श्रावणात मेळघाटातील हवा इतकी दमट असते की सकाळी वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच हाती येतो. धारणीतील अनेक नव्या घरांच्या न्हाणीघरांत याच दिवसांत एक खूण दिसू लागते. फरशी आणि भिंतीची टाइल जिथे मिळतात, त्या बोटभर रेषेवर काळे ठिपके उमटतात. गृहिणी ब्रशने घासून ते काढतात आणि आठवडाभरात ते परततात. मळ वरचा असता, तर घासण्याने गेला असता. येथे पाणी सांध्याच्या आत शिरलेले असते.

पूर्वी न्हाणी परसात असे. तट्ट्यांचा आडोसा, खाली दगडाची फरशी आणि सांडपाण्यावर वाढणारी केळ किंवा अळू. तेथे ओल होती, पण ती वाऱ्या-उन्हात निघून जाई. आता न्हाणीघर झोपण्याच्या खोलीला लागून आले आहे. ही सोय मोठी आहे. विशेषतः वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी. मात्र सांध्यातून मुरलेले पाणी आता भिंतीच्या पलीकडे, मुलांच्या अंथरुणाशेजारी निघते. रंगाचे पोपडे सुटतात, कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीतील घरघर आणि दमा यांचा त्रास अधिक आढळतो, असे त्यांत नमूद आहे. बुरशीची अमुक मात्रा सुरक्षित, अशी मर्यादा तेथे आखलेली नाही. ओल होऊच न देणे, हाच मुख्य उपाय सांगितला आहे. मुलाचा प्रत्येक खोकला भिंतीमुळे असतो, असे अर्थातच नाही. मूल भराभर श्वास घेत असेल किंवा श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात असेल, तर भिंतीकडे न पाहता त्याला तत्काळ धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे.

हा सांधा बहुधा पांढऱ्या सिमेंटने भरला जातो. टाइल-टाइलमधील रेषेसाठी असा भराव ठीक असतो. परंतु फरशी आणि भिंत, हौद आणि भिंत, कमोड आणि फरशी ही दोन वेगवेगळी अंगे आहेत. उष्णतेने ती कमी-अधिक प्रसरण पावतात, वजनाने किंचित हलतात. कडक सिमेंट ही हालचाल सोसू शकत नाही. त्याला केसाएवढी भेग पडते आणि तेवढी वाट पाण्याला पुरते. शहरांतील सदनिकांत जिथे टब बसवलेला असतो, तिथे हे अधिकच जाणवते. ॲक्रिलिकचा टब टाइलच्या सुमारे दहापट प्रसरण पावतो; शिवाय १५० लिटर पाणी भरले की त्यावर १५० किलो वजन येते आणि तो तसूभर खाली बसतो. म्हणून अशा सांध्यात लवचीक सिलिकॉन सीलंट भरावे लागते.

काम अवघड नाही, पण त्याला धीर हवा. जुना भराव ब्लेडने पूर्ण खरवडून काढावा. जुन्या थरावर नवा थर टिकत नाही. साबणाचा थर स्पिरिटने पुसून जागा किमान एक दिवस, आणि पावसाळ्यात त्याहून अधिक, वाळू द्यावी. सांधा खोल असेल, तर आत फोमची दोरी दाबून बसवावी, म्हणजे सीलंट दोन्ही कडांना धरते आणि तळाला न चिकटल्याने मोकळेपणी ताणले जाते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून एका सलग ओघात भरावे, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोटाने सारखे करावे आणि साय धरण्यापूर्वी पट्टी काढावी. टब असल्यास तो आधी पाण्याने भरून मग सांधा भरावा आणि सीलंट पक्के होईपर्यंत पाणी तसेच ठेवावे. पुढे किमान २४ तास सांध्यावर पाणी पडू देऊ नये. विकत घेताना न्हाणीघरासाठीचे, बुरशीरोधक आणि ‘न्यूट्रल’ प्रकारचे सीलंट मागावे. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार धातू आणि संगमरवर यांना बाधतो.

तीन गोष्टी मात्र टाळाव्यात. पहिली, ओल्या सांध्यावर सीलंट भरणे. त्याने पाणी आत कोंडले जाते. दुसरी, बुरशी घालवण्यासाठी ब्लीचिंग आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करणे. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. तिसरी, भिंतीतील खरा दोष झाकणे. न्हाणीघर दोन-चार दिवस न वापरताही ओलीचा डाग वाढत असेल, तर गळती नळाच्या पाइपात आहे. तेथे आधी प्लंबर हवा. त्या भिंतीवर गिझरचे बटण असेल, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येणे ही धोक्याची सूचना आहे. घरात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी असावा, हे यासाठीच.

या कामासाठी दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. ऐन वैशाखात केले, तर एक दिवस जास्त थांबावे, कारण सिलिकॉन हवेतील बाष्पाने घट्ट होते आणि कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. पुढे रोज आंघोळीनंतर पाणी ओढून खिडकी उघडी ठेवावी आणि दरवर्षी मृगापूर्वी सांध्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे. कड सुटलेली लागली, तर पाऊस येण्याआधीच ती दुरुस्त करावी. सीलंटच्या एका नळीचा खर्च औषधांच्या खर्चापुढे थोडाच असतो.